ढाब्यावरची हळद

रुख्मिणीबाईनं निवडून दिलेलं हळदीचं बेणं शेतात लागलं आणि त्याच पावसाळ्यात ती गेली. पीक निघालं, शिजलं, वाळलं, पण बघायला ती नव्हती. संतरामला घर खायला उठायचं. हळदीच्या पुड्यावर बायकोचं नाव लागावं, एवढी एकच इच्छा त्याची उरली होती.

गावच्या शेतकरी कंपनीनं तशी सोय केली होती. पुड्यावरचा कोड मोबाइलवर स्कॅन केला की हळद कुणाची आणि कुठल्या शेतातली, ते दिसायचं. कंपनीच्या आकांक्षा मॅडमनी समजावलं, "काका, याला ब्लॉकचेन म्हणतात. एकदा लिहिलेलं कुणाच्या बापाला खोडता येत नाही. फक्त शेतात उभं राहून भरा."

संतरामला हे फार पटलं. खोडता न येणारं असं त्याच्याकडे दुसरं काही राहिलं नव्हतं.

पण शेतात रेंज कुठली? फोनचं काही काम निघालं की अख्खं गाव कनेरगाव नाक्यावर मोहनसिंगच्या ढाब्यावर जायचं. रुख्मिणीबाईचा त्या ढाब्यावर भारी राग. संतराम तिथं चहाला जरी टेकला, तरी ती दोन दिवस बोलायची नाही. आता बोलायला कुणी नव्हतं. तो बाजेवर बसला, बायकोचं नाव भरलं आणि बटण दाबलं. शेत म्हणून ॲपनं ढाबा टिपला.

पुण्याच्या व्यापाऱ्यानं कोड तपासला. नकाशात शेताच्या जागी ढाबा बघून त्यानं माल नाकारला.

आकांक्षा मॅडम म्हणाल्या, जुनं खोडता येणार नाही, पण त्याखाली दुरुस्तीची नोंद करता येईल. संतरामनं ती लगेच केली. अर्थात, ढाब्यावरूनच. सिस्टिमनं दोन्ही नोंदी ताडून पाहिल्या आणि जागा जुळते म्हणून हिरवी खूण दिली.

शेवटी मॅडम स्वतः आल्या. भर उन्हात बांधावर उभं राहून त्यांनी सगळी पाहणी भरली. रेंज आली की आपोआप जाईल, असं म्हणून त्या निघाल्या. वाटेत भूक लागली म्हणून नाक्यावर उतरल्या. दाल-रोटी येईपर्यंत नोंद गेली होती, ढाब्याच्याच जागेसकट.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मान खाली घालून सांगितलं, "काका, आता माझी, म्हणजे अधिकाऱ्याची पण खूण लागली. आता देवालाही बदलता येणार नाही."

"मंग खरं शेत कुठं गेलं, मॅडम?"



हळद घरात पडून राहिली. शेवटी मोहनसिंगच दारात आला. "संतरामभाऊ, कागदावर माह्याच ढाब्याची हाय तर मलाच द्या ना. गिऱ्हाईक कोड पाहीन अन् बराबर तिथंच बसलेलं राहीन. कोन खोटं म्हनंल?"

संतरामनं दिली. दुसरं करणार काय?

त्या दिवसापासून तो रोज दुपारी ढाब्यावर जेवतो. डाळीला घरच्यासारखा वास येतो. एकदा मोहनसिंगनं विचारलं, "भाऊ, वहिनी असताना तुमी कधी जेवले न्हाई. आता रोज काहून येऊन राहिले?"

संतरामनं पुड्यावरचा कोड स्कॅन करून फोन त्याच्यापुढं धरला. रुख्मिणीबाई, ढाबा, कनेरगाव नाका. खाली हिरव्या खुणा.

"ती हितंच राहायला आली, गड्या," तो म्हणाला. "मी घरी एकटा कोनासाठी जेवू?"