फुटका ख

"साधी सरळ अक्षरं टाक," सुगंधा म्हणाली होती. तेवढं ऐकलं असतं तर आज बिल्डिंगमध्ये तोंड दाखवायला जागा राहिली असती. पण मी मरोळच्या प्रेसमध्ये अक्षरजुळणी करतो. बायकोच्या सांगण्यावरून फॉन्ट निवडला तर माझी इज्जत काय राहिली? (होती, असं मी धरून चालतो.)

सुगंधा कित्येक वर्षं दुसऱ्याच्या पोळीभाजी केंद्रात राबली. आता स्वतःच्या नावाने डबे सुरू करणार होती. नाव ठरलं, 'सुगंधा खाना'. मी माझा लाडका फॉन्ट लावला: ठळक, तिरका, प्रत्येक काडीच्या टोकाला नखरेल शेपूट. असली अक्षरं वाक्यातल्या एखाद्या शब्दावर जोर द्यायला वापरतात, अख्खी जाहिरात त्यात करायची नसते. हे मी गिऱ्हाइकांना रोज ओरडून सांगतो. वर तिचा हसरा फोटो, भोवती झेंडूची चौकट, खाली 'रविवारी सकाळी दहा वाजता. सर्वांनी यावे.' एक प्रत लिफ्टमध्ये चिकटवली, एक सोसायटीच्या ग्रुपवर टाकली.

त्या फॉन्टमध्ये 'ख'चा खालचा सांधा जुळत नाही. 'ख' फुटतो आणि 'रव' दिसतो. एवढंच झालं.

रविवारी सुगंधा पहाटेपासून कोंबडी-वड्यांच्या मागे होती. दहाला बेल वाजली. दारात तळमजल्यावरचे सीतारामकाका, मागे सगळी बिल्डिंग, पांढऱ्या कपड्यांत.

"नंदू, असा कसा झाला रे?" काकांनी मला मिठीच मारली.

"अचानकच ठरलं, काका."

"आजारी होती?"

"छे! तिची कधीपासूनची इच्छा होती."

"इच्छा?" काका डोळे पुसता पुसता थांबले.

तेवढ्यात सुगंधा वड्यांचं ताट घेऊन बाहेर आली. "उभे काय सगळे? बसा ना!"

"ही तर जिती आसा!" काका ओरडले.

शेजारच्या संघमित्राताईंनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. 'सुगंधा रवाना'.

सगळे पोट धरून हसले. सुगंधा सोडून.

"आलाच आहात तर जेवून जा," ती म्हणाली.

"मयताक म्हणान निघालंव गो," काका म्हणाले. "आंघोळ केल्याबिगर कसा खावचा? आंघोळ करून येतंव."

सगळे आंघोळीला गेले. एकही परत आला नाही. (एवढी स्वच्छ बिल्डिंग कांजूरमार्गात दुसरी नसेल.)

सुगंधा थंड वड्यांसमोर बसून राहिली. "माझं नाव पहिल्यांदा कुठेतरी छापलं होतं, नंदू."

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. तेव्हा गप्प बसायला हवं होतं.

"पण फॉन्ट उठून दिसत होता ना?" मी म्हणालो.

तिने वड्यांवर झाकण ठेवलं. "हो ना. उद्या तेच परत छाप. अक्षरं तीच, झेंडू तेच, 'रवाना'पण राहू दे. फक्त नाव आणि फोटो तुझा टाक."

सध्या मी फोटो शोधतोय. सरळ उभा असलेला एकही सापडत नाही; सगळ्यांत मी त्या फॉन्टसारखाच तिरका.