धबधब्याच्या वाटेवरची एकोणीस घरे

३१ जुलै रोजी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी कारा-तोर गावचे तोक्तोनाली आके (आके म्हणजे दादा) यांनी धबधब्यापाशी पाहुण्यांसाठी ठेवलेली नोंदवही उघडली. सह्या शून्य होत्या. हंगामाचा तो एकसष्टावा दिवस होता.

सृष्टिसौंदर्य मोजण्याचे उपकरण अद्याप निघालेले नाही; म्हणून ते माणसे मोजून ठरवावे लागते. जिल्हा पर्यटन कार्यालयाची भूमिका या बाबतीत निर्दोष आहे. ज्या स्थळाला एका हंगामात सहाशे माणसे भेट देतात ते प्रेक्षणीय. एक जरी कमी भरला तरी ते नुसते पाणी. (ऐतिहासिक स्थळांना चारशे पुरतात, कारण तेथे दोनशे माणसे आधीच येऊन मेलेली असतात.) कारा-तोर गावाने ऐतिहासिकतेचाही दावा करून पाहिला होता. पूर्वी एक खान सैन्यासह या धबधब्याकडे निघाला होता, असे जुनी माणसे सांगतात. चौकशीअंती तो पहिल्याच घरी चहाला थांबला आणि तिथूनच परतला, असे निष्पन्न झाले.

प्रेक्षणीय स्थळाला पूल मिळतो, नुसत्या पाण्याला मिळत नाही. धबधब्याखालच्या झुलत्या पुलाच्या चौतीस फळ्यांपैकी अकरा उरल्या होत्या, आणि पलीकडे तोक्तोनाली आके यांची थोरली बहीण शाइरकुल एकटी राहत होती. वय चौऱ्याहत्तर. दुसरी वाट खिंडीतून, घोड्यावर दोन दिवसांची. आके रोज पुलाच्या तारेवरून तिला पिशवीत नान पाठवीत. ती पिशवी रिकामी करी आणि टोमणे भरून परत पाठवी.

"अरे तोक्तो," ती पलीकडून ओरडे, "फ्रुंझेच्या तंत्रविद्यालयात तीन वर्षं पाणी मोजायला शिकलास. ओलांडायला शिकवायचे ते वर्ष बुडवलंस का?"

शिक्षणाचा असा जाहीर उल्लेख झाल्यावर आके यांनी प्रश्न पद्धतशीरपणे सोडवायला घेतला. मोटाररस्त्यापासून धबधबा २.३ किलोमीटर, चढणीची चाल चाळीस मिनिटे. वाटेत घरे एकोणीस. दारावरून जाणाऱ्या परक्याला चहा न पाजता पुढे सोडणे कारा-तोरमध्ये चोरीपेक्षा वाईट समजतात. (चोरालाही पाजतात.) चहा देण्याची रीत ठरलेली आहे: प्याला अर्धाच भरायचा. अर्धा प्याला म्हणजे "बसा, पुन्हा ओतते." काठोकाठ भरलेला प्याला म्हणजे "प्या आणि चालू लागा", तो कुणी देत नाही. घरटी सरासरी सात अर्धे प्याले, एक्केचाळीस मिनिटे. एकोणीस घरांची बारा तास एकोणसाठ मिनिटे. बहुतेक पाहुणे चौथ्या घरावरून परतत. एक सायकलवाले जोडपे अकराव्या घरापर्यंत पोहोचले होते. पण तिथे लग्न निघाले, आणि पुढे त्यांना धबधब्याची आठवण राहिली नाही.

दोष प्रवाहात नसून झडपेत आहे, असा निष्कर्ष आके यांनी काढला आणि २ ऑगस्टला सभा बोलावली. ठराव एका ओळीचा होता: हंगाम संपेपर्यंत पाहुण्याला प्याला काठोकाठ भरून द्यावा.

सभेतल्या सगळ्यांनी हातातले अर्धे प्याले खाली ठेवले.

"आके," पहिल्या घरातली बुरुलचा म्हणाली, "तुमच्या लग्नात तुमच्या सासऱ्यानंसुद्धा तुम्हाला अर्धाच दिला होता. तुम्हाला बघितल्यावरही!"

"महिन्याभराचा प्रश्न आहे, बुरुलचा."

"आज भरला प्याला, उद्या म्हणाल दाराला कडी लावा."

अखेर आके यांनी बहिणीचा निरोप वाचून दाखवला. त्यात लिहिले होते: "माझ्यासाठी पाहुण्यांचा अपमान करा. त्यांना कुठे कळतंय?" बायकांनी डोळे पुसले आणि ठराव मंजूर झाला.

अंमलबजावणी चोख होती. बुरुलचाने पहिला भरला प्याला तोंड फिरवून दिला. पाहुण्यांना खरोखरच काही कळले नाही. असा तुडुंब प्याला त्यांना उभ्या आयुष्यात कुणी दिला नव्हता. ते गहिवरले, बूट काढून ऐसपैस बसले, यजमानांच्या गळ्यात पडले. घरटी मुक्काम एक्केचाळीस मिनिटांवरून अडुसष्टवर गेला. आता पाहुणे दुसऱ्या घरावरूनच परतू लागले, आणि ही ख्याती ऐकून त्यांची संख्या तिप्पट झाली. ठराव मागे घ्यायला सभा लागली असती आणि सभेला चहा. म्हणून तो तसाच राहिला.

३१ ऑगस्टला पर्यटन कार्यालयाच्या निरीक्षक नुरझामाल बाई तपासणीला आल्या. त्या याच डोंगरातल्या. बुरुलचाचा हात एव्हाना सरावला होता. तिने काठोकाठ भरला. बाई प्याल्याकडे पाहत राहिल्या, एक घोट घेऊन उठल्या. दुसऱ्या घरी तेच. एकोणीस घरांत एकोणीस वेळा अपमान होऊन, रागाने झपाझप चालत, त्या बावन्न मिनिटांत धबधब्यावर येऊन थडकल्या. हंगामात तिथवर पोहोचलेल्या त्या पहिल्याच.

"आके, या गावात माणसाला बसू देत नाहीत का हो?"

"आधी सही करा, बाई. मग रागवा."

"अगं पोरी," पलीकडून शाइरकुलचा आवाज आला, "इकडे ये. अर्धाच देते!"

बाईंचा चेहरा निवळला. त्यांनी पुलावर पाऊल टाकले आणि फळ्या अकराच्या दहा झाल्या, बूट दोनाचा एक झाला. आके यांनी त्यांना कोपराला धरून मागे ओढले. पलीकडची म्हातारी हातात प्याला धरून तशीच उभी होती.

नुरझामाल बाईंनी काठावर बसून, एका पायात बूट घालून, नियमावली तीनदा वाचली. कर्तव्यावरील कर्मचारी अभ्यागत नव्हे. म्हणजे त्यांची सही बाद. परंतु कलम नऊ असे सांगते की, जो स्थळाच्या दिशेने निघाला, वाटेत पाहुणचारात रमला आणि समाधानाने परतला, त्याची भेट झाली असे मानावे. त्यांनी घराघरांतून पाहुण्यांचा आकडा जमवला. धबधबा न पाहिलेले भरले पाचशे नव्याण्णव. पाहिलेली एकच, तीही बाद.

फाईल बंद करायला एक मनुष्य कमी पडत होता. तसा तो मिळवणे अवघड नव्हते. वाचकहो, आपणही धबधब्याकडेच निघाला होतात. वाटेत घरोघरी बसलात, प्याल्यांत रमलात, आणि तो धबधबा किती उंच, कसा पडतो, हे एकदाही विचारले नाहीत. कलम नऊ आपल्याला तंतोतंत लागू होते. सहीची गरज नाही. आपले नाव बाईंनी परस्पर धरले आहे.

चौतीस नव्या फळ्या मंजूर झाल्या. एकूण अभ्यागत: ६००.