आबा करंद्यांची नापास तबकडी

आबा करंद्यांनी एकदा भर रस्त्यात लग्नाची मिरवणूक थांबवली होती. कल्याणला, पारनाक्यावर. नवरदेव घोड्यावर, वऱ्हाड उन्हात, आणि आबा बँडमधल्या क्लॅरनेटवाल्याचं मनगट धरून उभे. "निषाद कुठं ठेवलास? घरी विसरलास का?" नवऱ्याचा बाप हात जोडून म्हणाला, "अहो, मुहूर्त टळतोय." आबा म्हणाले, "मुहूर्त उद्याही मिळेल. हा निषाद मात्र जन्मभर तुमच्या मुलाच्या कानात राहील." क्लॅरनेटवाल्याचा सूर जागेवर आला, मगच घोडा हलला.

हा किस्सा कल्याणात लोक हसत हसत सांगतात. सांगू देत. मी सात वर्षं त्या माणसाच्या शेजारी बसून तबला वाजवलाय आणि पुढची सात वर्षं त्याच्या नावाने बोटं मोडली आहेत. मला काही फारसं हसू येत नाही.

आबा शाळेत चित्रकला शिकवायचे. पण चित्रकला पोटासाठी, जीव सगळा भावगीतात. गाणं स्वतः लिहायचं, चाल स्वतः लावायची, गायचंही स्वतःच. दुसऱ्याचे शब्द गाणं म्हणजे "दुसऱ्याच्या चपला घालून देवळात जाणं" असं त्यांचं मत. घरात चावीचा ग्रामोफोन होता, तो मात्र फक्त दुसऱ्यांच्या चुका काढायला. तबकडी सुरू झाली की आबा वही घेऊन बसत आणि गायकाच्या चुका शाळेतल्यासारख्या लाल पेन्सिलीने लिहून काढत.

मी डोंबिवलीचा, एका कचेरीत कारकून. संध्याकाळी कल्याणला उतरायचं आणि आबांच्या माडीवर जाऊन शिव्या खायच्या, हा माझा नेम. मी ठेका धरला की चौथ्या मिनिटाला ठरलेलं वाक्य यायचं, "दिनू, भाजी चिरतोयस का?" ठाण्याच्या गणेशोत्सवात शेकडो माणसांसमोरही त्यांनी गाणं थांबवून मला हेच विचारलं होतं. लोक हसले. मी मान खाली घालून तबल्याच्या कडेला, चाटेवर, बोट मारत बसलो. आबांनी कधी कुणाला 'वाहवा' म्हटलेलं माझ्या ऐकण्यात नव्हतं. त्यांची सगळ्यात मोठी पदवी म्हणजे "चालेल". सात वर्षांत मला ती दोनदा मिळाली, आणि त्यातली एक त्यांच्या पत्नीच्या, माईंच्या, थालीपिठाला असावी असा मला संशय आहे.

स्वातंत्र्य मिळून वर्ष-दीड वर्ष झालं असेल, तेव्हा मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीचं पत्र आलं. एक गाणं ध्वनिमुद्रित करून बघू म्हणून. आबांचं वय पन्नास. उभ्या आयुष्यात आलेली ही पहिली संधी, आणि दुसरी येणार नाही हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी गाणं निवडलं, 'खाडीवरती दिवे लागले, अजून नाही तुझे वल्हे.' अडचण एवढीच, की तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं मावतात आणि आबांचं गाणं साडेपाच मिनिटांचं.

मग महिनाभर माडीवर कापाकापी चालली. माई मांडीवर गजराचं घड्याळ घेऊन बसत आणि तीन मिनिटं झाली की "आटपा" म्हणत. आबा खवळत. "गाणं वल्ह्याची वाट बघतंय गं! आटपा काय?" तरी एक अंतरा गेला, आलाप गेला, पेटीचे तुकडे गेले. माझी दुसऱ्या अंतऱ्यानंतरची लग्गी, म्हणजे एकट्या तबल्याची धावती जागा, मात्र त्यांनी ठेवली. सोळा मात्रा.

"आलाप काढता आणि लग्गी ठेवता?" माईंनी विचारलं.

"मला श्वास घ्यायला वेळ नको?" आबा त्यांच्यावर खेकसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सोळा मात्रा तुझ्या. घाण करू नकोस."

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी आबा मायक्रोफोनला नाक लावून उभे, आणि मी दहा हात मागे, भिंतीशी. तबला फार वाजतो म्हणून मला सतरंज्यांच्या ढिगाआड बसवलेलं. तेव्हा गाणं मेणाच्या तबकडीवर कोरलं जाई. चूक झाली की ती तबकडी फुकट, सगळं पहिल्यापासून. लाल दिवा लागला. आबा असे गायले की माझ्या अंगावर काटा आला. माझी लग्गी आली, आणि कसं कोण जाणे, त्या दिवशी हात माझा राहिलाच नाही. डोळे मिटून वाजवलं आणि समेवर येऊन पडलो. कानात तबल्याखेरीज काही शिरतच नव्हतं.

दिवा विझला. रेकॉर्डिंगवाले साहेब बाहेर आले, आबांच्या कानाशी काहीतरी बोलले. आबांचा चेहरा लालबुंद झाला.

"पुन्हा गाणार नाही," आबा मोठ्याने म्हणाले. "आहे तेच घ्या."

साहेब विनवत होते, आणि आबा टोपी घालून चालू पडले. काय झालं म्हणून मी जिन्यात तीनदा विचारलं. आबा तरातरा पायऱ्या उतरत राहिले.

दोन महिन्यांनी नमुन्याची तबकडी घरी आली. माडीवर निम्मी आळी जमलेली, माईंनी पेढे केलेले. आबांनी सोबतचं पत्र वाचलं, घडी घालून कोटाच्या खिशात ठेवलं आणि तबकडी न वाजवताच ट्रंकेत टाकून कुलूप लावलं. "नापास झाली. या आता."

कुणीतरी विचारलं, "तबल्याचं काही झालं का हो?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी आबांकडे बघितलं. एक 'नाही' म्हणाले असते तरी पुरे होतं. आबा खिडकीबाहेर बघत राहिले.

माझं डोकं फिरलं. तबला-डग्गा तिथेच टाकून मी जिना उतरलो. पण बातमी माझ्याआधी डोंबिवलीला पोचली होती. मानपाड्याहून दूध घालायला येणारा बाळाराम दारातच म्हणाला, "क रं दिनू, तुजे तबल्यान तबकडी बिघरली म्हंतान?" पुढच्या गणपतीत मला एकाही मंडळाने बोलावलं नाही. मी कचेरी आणि घर एवढंच धरलं. ज्या माणसासाठी सात वर्षं बोटं सुजवली, त्याने मला भर लोकांत बुडू दिलं होतं.

अशी सात वर्षं गेली. मग एका रविवारी कल्याणच्या बाजारात माई भेटल्या. "घरी चल. हे दाढीला गेलेत," म्हणाल्या. नको म्हणत होतो, तर माझ्या हातात त्यांनी भाजीची पिशवीच दिली.

माडीवर गेल्यावर माईंनी ट्रंक उघडली, तबकडी काढली आणि ग्रामोफोनला चावी दिली. तबकडीचा मधला एक पट्टा झिजून पांढरट पडला होता. सुई तिथे आली तशी खरखर वाढली. खरखरीतून माझी लग्गी आली, सम आली, आणि समेवर आबांचा आवाज. गाण्यातला नव्हे. खणखणीत, मायक्रोफोनला नाक लावून दिलेला: "वाहवा, दिनू!"

"रोज जेवण झालं की सुई तेवढ्यावरच ठेवतात," माई म्हणाल्या. "आणि मला बाहेर बसवतात."

तेवढ्यात आबा वर आले. अर्ध्या गालाला साबण तसाच. बहुधा न्हाव्याशी भांडून आले होते.

मी ओरडलोच. "सात वर्षं लोकांनी माझ्यावर थुंकायचंच बाकी ठेवलं, आणि तुम्हाला तोंड उघडवलं नाही? एक शब्द बोलता आला नाही?"

"बोललो होतो," आबा म्हणाले. "तू ऐकलं नाहीस."

"साहेब विनवत होते! पुन्हा का नाही गायलात? तबकडी निघाली असती तुमची!"

आबांनी तबकडी उचलली, धोतराच्या सोग्याने पुसली. "निघाली असती. पण तू पुन्हा तसं वाजवलं नसतंस."

मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. तो राग अजून गेलेला नाही. ज्या गोष्टीवर माणसाने स्वतःचं एकुलतं एक गाणं ओवाळून टाकलं, ती त्याला तोंडावर सांगता येऊ नये?

कोपऱ्यात माझा तबला होता, धुतलेल्या खोळीत. मी खोळ ओढून काढली आणि रागारागाने चाटेवर बोट मारलं. सात वर्षं पडून राहिलेला तबला उतरलेला असायला हवा होता. तो आबांच्या गायच्या पट्टीत, काळी दोनमध्ये, तंतोतंत लागलेला होता. हातोडी शेजारीच ठेवलेली होती.

मी आबांकडे बघितलं. त्यांनी घाईने पेटी पुढे ओढली.

"बघतोस काय? भाजी चिरायला घे."