जप्तीच्या घराची अंत्ययात्रा

डेल्मर स्टिडमने जन्मात एकदाच पक्का बेत आखला, आणि तोही सगळ्या खोऱ्याला ऐकवून ठेवला. "रविवारच्या आत आई आपल्या जागेत, आपल्या छपराखाली! लिहून घ्या!" केंटकीच्या त्या डोंगरात लिहून घेणारं कोणी नव्हतं, पण ऐकणारे पुष्कळ होते. त्यांनी ऐकलं, "बघू" म्हणाले आणि आपापल्या कामाला लागले. डेल्मरला लहानपणापासून ओळखत होते ना सगळे!

त्याच्या आईचं, ओफाबाईंचं, जुनं घर धुराड्यातून पेट घेऊन जळून गेलं होतं. तेव्हापासून बाई गावातल्या वृद्धाश्रमात. तिथलं जेवण मऊ, गाद्या मऊ, माणसांचं बोलणंही मऊ. बाई अगदी विटून गेल्या होत्या. डेल्मर भेटायला गेला की म्हणायच्या, "मला माझ्या टेकडीखाली मरायचंय रे. इथे या पुडिंगात बुडून नाही!" आणि वर एक अट. "काहीही आण, पण जप्तीचं घर आणू नकोस. ज्या दारातून एखाद्या बाईला रडत बाहेर काढलं, त्या दारात मी पाऊल टाकायची नाही."

आता आली का पंचाईत! डेल्मरच्या आवाक्यात जप्तीचंच घर होतं. शेजारच्या परगण्यात एका उघड्या मैदानावर अशी घरं ओळीने उभी असतात. लांबट, पत्र्याची, पोटाखाली चाकं. हप्ते थकले की कंपनी येते, घराला ट्रक जोडते आणि ओढून नेते. आतली माणसं पायऱ्यांसकट मागे राहतात. डेल्मरने त्यातलं एक पिवळं घर पसंत केलं. कोणाचं होतं, ते त्याने विचारलं नाही. विकणाऱ्यानेही सांगितलं नाही. आईला मात्र त्याने ठोकून दिलं, "एका मास्तरणीचं आहे. फ्लोरिडाला राहायला गेली ती."

"आपल्या मर्जीने?"

"हौसेने, आई! अगदी नाचत गेली!"

घर आणायच्या दिवशी डेल्मरने सकाळीच काळा सूट चढवला. घर जागेवर बसलं की तसंच आईला आणायला जायचं होतं, आणि ओफाबाईंना न्यायला जाताना कळकट कपडे चालत नसत. रस्ता दाखवायला त्याची काळी ब्यूक मोटार सगळ्यात पुढे, दिवे लावलेली. तिच्यामागे पिवळा दिवा लुकलुकवणारी एक गाडी. त्यामागे ट्रक आणि ट्रकमागे घर. वाट वळणावळणाची, त्यामुळे वेग मुंगीचा. घर कुठे खरचटेल या काळजीने डेल्मरचा चेहरा असा झाला होता, की बघणाऱ्याला वाटावं, याचं सर्वस्व गेलं!

आणि बघणाऱ्याला तसंच वाटलं. त्या डोंगरात प्रेतयात्रा अशीच निघते, मोटारींची रांग, दिवे लावून, हळूहळू; ती आली की गाडी कडेला घ्यायची, टोपी काढायची, मान खाली घालायची आणि डोळे मिटायचे. कोण गेलं ते मागाहून विचारायचं. म्हातारा क्लेटस ट्रॅक्टरवरून गवत घेऊन येत होता. त्याला वळणावर आधी काळी गाडी दिसली, मग काळा सूट, मग डेल्मरचा चेहरा. झालं! त्याने ट्रॅक्टर कडेला घेतला, टोपी छातीशी धरली आणि डोळे मिटले. त्याच्या नाकासमोरून अख्खं घर गेलं, स्वयंपाकघर, न्हाणीघर, पडद्यांसकट! त्याने एक डोळा जरी किलकिला केला असता तरी पुढचं सगळं टळलं असतं. पण क्लेटस शिस्तीचा पक्का.

डेल्मरला वाटलं, घराला वाट देतोय. त्याने अदबीने मान लववली.

क्लेटस थेट दुकानात गेला. "ओफा गेली," तो म्हणाला. "आत्ताच नेली. पोराचं तोंड बघवत नव्हतं हो!"

मग काय विचारता! दुकानातून बातमी चर्चमध्ये, चर्चमधून फोनवर आणि फोनवरून घरोघरीच्या भट्ट्यांपर्यंत. त्या खोऱ्यात माणूस गेलं की मयताच्या घरी न्यायच्या जेवणासाठी आधी भट्टी पेटते, रडणं नंतर. ट्रकवाल्यांनी घर ओट्यांवर टेकवून पायऱ्या लावल्या, विजेची तार जोडली आणि ते निघून गेले, तोवर टेकडीखाली मोटारी लागायला सुरुवात झाली होती. मसाला भरलेली अंडी आली, मधात भाजलेला हॅम आला, मक्याचा पाव आला. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी आणि तिच्यावर मालकिणीचं नाव. डेल्मर गहिवरला. नव्या घराचं एवढं कौतुक! उगाच नावं ठेवतो आपण लोकांना!

मर्टिसकाकू अंड्यांचं ताट घेऊन सगळ्यात पुढे. "बाळा," त्यांनी डेल्मरचा हात धरला, "फार त्रास झाला का रे?"

"तसा नाही, काकू. पुलापाशी जरा अडकलं. मागची बाजू घासली थोडी."

काकूंनी डोळे टिपले. "देवा रे! आणि शेवटी?"

"शेवटी सगळ्यांनी मिळून ढकललं."

काकूंनी हात सोडला. "आणि... कुठे आहे आता ती?"

"आई ना? तिला आत्ता आणायला निघतोय. खिडकीजवळ खुर्ची टाकलीय, तिच्यात बसवतो. टेकडी दिसली की तिला बरं वाटतं."

"बसवतोस?"

"मग? आडवी नुसती किती वेळ ठेवणार!"

मर्टिसकाकूंनी अंड्यांचं ताट तिथेच गवतावर ठेवलं आणि डेल्मरला कवटाळलं. बाकीच्या बायकांना त्यांनी त्याच्या खांद्यावरूनच खूण केली, पोराच्या डोक्यावर परिणाम झालाय. बिचाऱ्या डेल्मरनेही काकूंना दोनदा थोपटलं. आईशी यांचं इतकं सूत होतं हे त्याला माहीत नव्हतं.

एवढ्यात ट्वायला आली. खोऱ्याच्या वरच्या टोकाला बहिणीकडे राहणारी, कमी बोलणारी बाई. हातात बटाट्यांचं झाकलेलं भांडं. पायरीपाशी ती थबकली. घराकडे बघत राहिली. मग आत गेली.

आत बायका ताटं शोधत सगळी कपाटं उघडत होत्या. दिवा लागत नव्हता. ट्वायलाने भांडं ठेवलं, फ्रिजच्या मागे हात घातला आणि तिथलं बटण दाबलं. दिवा लागला. न्हाणीघराचं दार वाऱ्याने आपटत होतं. तिने ते जरासं उचलून लावलं. कोणीतरी म्हणालं, "अगं, तुला कसं गं ठाऊक?"

"माझंच होतं," ट्वायला म्हणाली. "मागच्या थंडीपर्यंत."

दारात उभ्या असलेल्या डेल्मरने ते ऐकलं. असली पत्र्याची घरं सगळी सारखीच दिसतात, पण हे आपल्याच खोऱ्यातलं, आणि आपण विचारलंसुद्धा नाही! आता हे आईच्या कानावर गेलं की संपलंच. बाई वृद्धाश्रमातच राहणार, मरेपर्यंत. "ट्वायला," तो चाचरला, "आईला एवढं सांगू नकोस गं..."

"डेल्मर," मर्टिसकाकू रडत म्हणाल्या, "तिला आता कोण काय सांगणार रे!"

आणि नेमकी त्याच वेळी पाद्रीबुवांची गाडी आली. बुवा प्रार्थना म्हणायला वृद्धाश्रमात गेले होते, आणि ज्यांच्यासाठी म्हणायची त्या पत्ते खेळत बसल्या होत्या, जिंकत! "मी मेले?" बाईंनी विचारलं होतं. "मग मला घरी न्या. बघू तरी कोण कोण आलंय!"

काठी टेकत ओफाबाई गाडीतून उतरल्या. एक किंकाळी फुटली. मर्टिसकाकू मटकन खाली बसल्या, आणि बसल्या त्या अंड्यांच्या ताटात.

"ऊठ गं मर्टिस," ओफाबाई म्हणाल्या. "मी आहे अजून." त्या पायऱ्यांशी आल्या, काठी पहिल्या पायरीवर टेकली आणि थांबल्या. सगळ्यांची तोंडं त्यांनी एकवार नीट बघितली. म्हाताऱ्या डोळ्यांना काय कळायचं ते कळतं. "डेल्मर. ती मास्तरीण कुठेय?"

डेल्मरला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. "मास्तरीण नाही, आई. जप्तीचं आहे. ट्वायलाचं."

ओफाबाईंनी काठी पायरीवरून उचलली आणि मागे घेतली. टेकडीकडे एकदा बघितलं, अगदी भुकेल्यासारखं बघितलं, आणि पाद्रीबुवांना म्हणाल्या, "चला. मला परत सोडा."

डेल्मर रडायलाच लागला. एवढा मोठा बाप्या, काळ्या सुटात, लोकांदेखत! पण बाई वळल्या त्या वळल्याच.

तेवढ्यात ट्वायला दारात आली. दोन्ही हात पुसले, आणि घरची बाई म्हणते तसं म्हणाली, "बाहेरच्या बाहेर काय जाताय, काकू? आत या ना."

ओफाबाई थांबल्या. तिच्याकडे वळल्या. "तू बोलावतेस?"

"मीच बोलावतेय."

"मग येते." एकेक पायरी चढून त्या आत गेल्या. टेबलावर पावापासून हॅमपर्यंत सगळं मांडलेलं होतं. पाद्रीबुवा घुटमळले. "ओफाबाई, आता प्रार्थना कोणासाठी म्हणू? इथे तर कोणी..."

"हिच्यासाठी म्हणा," बाईंनी काठी ट्वायलाकडे केली. "हिचं घर गेलं. मी मेले ऐकून तुम्ही सगळ्या भट्टीपाशी धावलात. हिच्याकडे त्या दिवशी एक तरी भांडं गेलं होतं का गं? मर्टिस? एक पाव तरी?"

मर्टिसकाकूंनी झग्याला लागलेलं अंडं पुसलं, एक ताट घेतलं, हॅमचा चांगला जाड तुकडा वाढला आणि पहिलं ताट ट्वायलापुढे ठेवलं. तिथे मयताच्या माणसांना आधी वाढतात. ट्वायलाने घास तोंडाजवळ नेला, आणि मग इतक्या महिन्यांचं जे साठलं होतं ते तिच्या डोळ्यांतून वाहायला लागलं. बायका तिच्याभोवती बसल्या. ओफाबाईंनी खिडकीजवळची खुर्ची तिच्याशेजारी ओढून घेतली.

"मी इथे राहिले तर तुला चालेल?" त्यांनी विचारलं.

"चालेल, काकू. वारा सुटला की मागची खोली कण्हते. घाबरू नका. आतून चांगलं आहे घर."

मग पाद्रीबुवांनी प्रार्थना म्हटली, आणि सगळे जेवायला बसले. घर विकत घेणारा डेल्मर तेवढा पायरीवर उभा होता. त्याला कोणी आत ये म्हटलं नव्हतं.