कापडाची नाडी बघणारी आत्या

आमच्या शेवंताआत्याला लग्नाचं आमंत्रण द्यायला शहापुरात लोक जरा बिचकतात. ती पोटभर जेवते आणि मग पर्समधून वीज तपासायचा मीटर काढून त्याच्या दोन्ही सुया नवरीच्या शालूच्या जरीला लावते. जरीत खरी धातूची तार असली की मीटर वाजतो. नाही वाजला, तर आत्या वरमाईच्या तोंडावर सांगते, "मुका हाय गो. प्लास्टिक हाय."

यात तिच्या नोकरीचाही दोष आहे. मुरबाडच्या कारखान्यात ती ग्राफिनचं कापड तपासते. ग्राफिन म्हणजे कार्बनच. त्याचा काळा पातळ लेप कापडावर चढवून वाळवला की कापडातून वीज वाहते. त्या कापडाच्या पट्ट्या लावून बनियन शिवायचं. ते अंगात घातलं की छातीचे ठोके पडद्यावर दिसतात. मी तिथेच शिलाईला आहे. आत्या धुऊन आलेल्या प्रत्येक तुकड्याला विचारते, "आंघोळ सोसली का रे? बोल, लाजू नको."

मध्यंतरी पहिली मोठी ऑर्डर आली. नमुना फसला तर लेपाचा विभाग बंद आणि कंत्राटी बाया घरी, असं मालकांनी आधीच सांगून टाकलं. नफा मालकाचा आणि तोटा बायांचा, हा कुठला न्याय? मी लगेच पत्रक लिहिलं. आत्या ते वाचून म्हणाली, "झ्याक लिवलंस. आदी कापड तपासू दे."

नमुन्याचं बनियन तिनेच घातलं, वरून कंपनीचा कोट. पडद्यावर सरळ रेघ.

इंजिनियरसाहेब घाबरले. "मावशी, बरं वाटतंय ना?"

"मला काय धाड भरलीय?"

त्यांनी वायरी बदलल्या, मशीन बदललं. रेघ हलेना. आत्याचा चेहरा उतरला. म्हणाली, "साहेब, कापड चांगलं हाय. माझं हृदयच बिगडलं असंल."

"मावशी, ते बंद पडलं असतं तर तुम्ही बोलला नसता."

"थोडं तरी बिगडलं असंल की. नीट बघा."

मी तिला कपडे बदलायच्या खोलीत नेलं आणि कोट काढला. बनियन पैलवानाच्या मापाचं. ढगळ होतं म्हणून आत्याने बांगडीतली सेफ्टी पिन काढून समोर चुणी टोचली होती, ती नेमकी दोन्ही पट्ट्यांमधून. लोखंडाच्या पिनेने डावी-उजवी पट्टी एक करून टाकली होती; दोन्हींतला विजेचा फरकच उरला नाही, मग ठोका दिसणार कसा?

पिन काढली, पाठीमागून बनियन मुठीत आवळून धरलं आणि तिला तशीच बाहेर आणली. रेघ टुणटुण उड्या मारायला लागली. साहेब कापडाच्या ताग्यावरच बसले. बाया एकमेकींना चिमटे काढत हसत होत्या.

परतीच्या जीपमध्ये मी विचारलं, "आत्या, आपलं हृदय बिघडावं असं कोण मागतं?"

ती बाहेर बघत म्हणाली, "कापड बिगडलं असतं तर समद्या बायांच्या चुली विझल्या असत्या. माझ्या घरात मी एकलीच."

शहापूर जवळ आल्यावर म्हणाली, "आज जेवायला येशील का गो? दोघींपुरता भात टाकते."