खोडक्यांच्या टाकीतला गारवा

वऱ्हाडातल्या खापरनगरात उन्हाळ्यात घरातली खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी घाबरलेल्या माणसाच्या हातांनी थंड ठेवतात. दुसरे उपाय लोकांनी करून पाहिले. चिलर बसवावा, तर ऐन दुपारी वीज जाते. बर्फाच्या बाटल्या सोडाव्यात, तर पाणी एकदम गार पडून पोवळी पांढरी पडतात. भीतीचा गारवा मात्र हळूहळू उतरतो आणि कानाकोपऱ्यात सारखा पसरतो. माणूस घरातलाच लागतो. पाहुण्याची भीती टिकत नाही. शिवाय ती रोज ताजी लागते, म्हणून नगरपालिकेने भयनिरीक्षक नेमले आहेत. ही नगरपालिका नळाला आठवड्यातून एकदा पाणी सोडते, रस्त्यातले खड्डे बुजवत नाही, पण भीती रोज दुपारी बिनचूक घरपोच देते. त्यावर कुणी मोर्चा काढल्याचं ऐकिवात नाही.

खोडक्यांच्या घरी हे काम वासुदेवरावांकडे होतं. गृहस्थ जन्माचे घाबरट. दाराची घंटा वाजली तरी त्यांचे हात गार पडत. निरीक्षक ढोमणे उंबऱ्यात नुसते उभे राहिले, तरी टाकीतल्या पाण्याचं तापमान अर्ध्या अंशाने उतरे. वासुदेवरावांची बायको विमलताई शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेली. आवाज असा, की गल्लीतलं कुत्रंही 'सावधान'मध्ये उभं राहावं. तिला कशाचीच भीती वाटत नसे, त्यामुळे टाकीच्या दृष्टीने ती बिनकामाची होती. नवऱ्याच्या घाबरण्याचा तिला मनस्वी संताप येई. "काही होत नाही!" हे वाक्य ती त्यांना लग्न झाल्यापासून काढ्यासारखं पाजत आली होती.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी काढा लागू पडला.

त्या दिवशी टाकीत विशेष होतं. जोकर माशांच्या जोडीने इतक्या वर्षांत पहिल्यांदाच अंडी घातली होती. दगडावर केशरी दाण्यांचा ठिपका दिसत होता आणि नर त्याला शेपटीने वारा घालत होता. विमलताई सकाळपासून चारदा डोकावून आली होती. पाणी एकतीस अंशांवर गेलं की अंडी नासतात, हे तिला माहीत होतं. दुपारी वीज गेली, कूलर थांबला, तेव्हा टाकीच्या तापमापकाचा काटा एकोणतीसवर होता.

वासुदेवराव बाह्या सरसावून टाकीत हात घालून बसले. ढोमणे आले, डोक्याचा दुपट्टा सोडला, माठातलं पाणी प्यायले आणि कामाला लागले.

"काका, रस्ता रुंदीकरणात तुमचं घर जाऊन राहिलं."

"जाऊ द्या. भाड्याने राहू."

"पेन्शनची फाईल गहाळ झाली म्हणतात."

"सापडेल. नाही तर नाही."

ढोमण्यांनी घाम पुसला. मग आवाज खाली आणून, ठेवणीतलं बाहेर काढलं. "तुमच्या छातीच्या फोटोत डाग निघाला, काका."

"ढोमणे, तुम्ही जेवलात का?" वासुदेवरावांनी आपुलकीने विचारलं.

काटा तीसवर गेला. मादी वर येऊन धापा टाकू लागली.

"काकू, हे काय करून ठेवलं तुम्ही?"

"मी काय केलं?"

"यांची भीती पार गेली नं. मुळासकट."

"बरंच झालं की! जन्मभर तेच तर सांगत होते."

"बरं झालं? जरा पाण्याकडे पहा."

विमलताईने पाहिलं आणि तिचा पारा चढला. "अहो, घाबरा ना जरा! मी सांगतेय ना तुम्हाला! त्या लेकरांनी काय पाप केलंय?"

वासुदेवराव तिच्याकडे पाहून हसले. "कशाला, विमल? काही होत नाही."

वाक्य तिचंच होतं. पण त्यांच्या तोंडून ते ऐकताना तिच्या पाठीतून काहीतरी सरकत गेलं. सदरा तोच, हनुवटीवरचा तीळ तोच. मात्र असं हसणारा माणूस या घरात आजवर आलेला नव्हता. तिने पदराचं टोक घट्ट धरलं.

ढोमण्यांची नजर सरावलेली. "काकू, हात इकडे द्या," ते म्हणाले आणि तिचे दोन्ही हात धरून त्यांनी टाकीत घातले. काटा जागीच थांबला.

वासुदेवरावांनी आपले हात काढून लुंगीला पुसले. "बरं झालं, तू आहेस. मी जरा फिरून येतो."

बाहेर डांबर वितळत होतं. तारेवर कावळासुद्धा नव्हता.

"अहो, टोपी! निदान खिशात कांदा तरी घ्या! पायात काही घाला!"

"काही होत नाही," म्हणत ते अनवाणी पायरी उतरले. फाटक वाजलं.

विमलताईने हात उपसायला घेतले. "काकू, हात काढाल तर अंडी गेली," ढोमणे म्हणाले.

"मग तुम्ही धावा! धरून आणा त्यांना!"

"ड्यूटीवर जागा सोडता येत नाही."

"अरे, माणूस मरेल उन्हात! चुलीत गेली तुमची ड्यूटी आणि चुलीत गेली अंडी!"

असं ती म्हणाली खरी, पण पाय उचलेना. घाबरून चालायचं कसं, घाबरून दार उघडायचं कसं, हे वासुदेवरावांना जन्मभराच्या सरावाने येत होतं. तिची ही पहिलीच वेळ होती. कोपरापर्यंतचे हात तिला आपले वाटेनात.

"निदान खिडकीतून सांगा," ती म्हणाली. तो आवाज पी.टी.चा नव्हता. "कुठवर गेले?"

ढोमणे खिडकीशी गेले. "चौकात पोचले."

काटा एकोणतीसवर आला.

"सावली सोडून मधून चालून राहिले."

अठ्ठावीस.

"हायवेकडे वळले, काकू. तिकडून ट्रक येऊन राहिला."

"मग?"

ढोमण्यांनी खिडकीचा गज धरला.

"ढोमणे, मग काय झालं? हाक मारा त्यांना! ढोमणे!"

ढोमणे पाठमोरे उभे राहिले. ते कामाला प्रामाणिक होते, आणि कुठे बोलायचं थांबावं हे या कामात सर्वांत आधी शिकवतात. रस्त्यावरून कसलाच आवाज येत नव्हता. टाकीत मादी खाली उतरली. नर पुन्हा अंड्यांना वारा घालू लागला. काचेवर बाहेरून दव धरलं आणि त्याचे थेंब टेबलावर ओघळू लागले.

बऱ्याच वेळाने ढोमणे खिडकीपासून परत आले. विमलताई त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली. त्यांनी वाकून काटा पाहिला. वीसच्याही खाली गेला होता. एवढी थंडी पोवळ्यांना सोसत नाही.

"काकू," ते म्हणाले, "आता एक हात काढलात तरी चालेल."