तासभराचा पापड

पाध्येकाका कुणाच्याही घरी गेले की पिशवीतून चपटा डबा काढतात, त्यातला भाजलेला उडदाचा पापड बशीत ठेवतात आणि त्याच्यासमोर बसून राहतात. स्वतः खात नाहीत, दुसऱ्याला खाऊ देत नाहीत. तासाभराने तो मोडून बघायचा. कडकन मोडला तर तुमचा एसी खोलीला बरोबर. वाकला तर खोलीच्या मानाने एसी मोठा.

काकांनी शारजात तीस वर्षं एसी बसवले. आता धंदा पार्टनर बघतो. शारजातच, रोल्ला भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते खालच्या मजल्यावर राहतात.

आमचा हॉल असा की सोफ्यावर बसून पाय लांब केले तर टीव्हीला लागतात. त्यात मी अडीच टनी एसी बसवला होता. कारण माझा मेहुणा. तो अबूधाबीजवळ मोहम्मद बिन झायद सिटीत सेंट्रल एसीच्या व्हिलात राहायला गेला. व्हिला मला झेपणारा नव्हता, म्हणून मी त्याला टनांत गाठायचं ठरवलं. परिणामी बाहेर जून पेटलेला असताना मी घरात स्वेटर घालून बसायचो, बिस्किटं मऊ पडायची आणि मीठ डबीतून सुटायचं नाही.

"बाबा, द टॉवेल्स स्टिंक," मुलगी म्हणायची. मी साबण बदलला.

आमच्याकडे काकांच्या पापडाची चक्क सुरळी झाली.

"खलास!" काका म्हणाले. "अरे सुहास, मोठा एसी पाच मिनिटांत खोली गार करतो आणि थांबतो. मग हवेतली ओल कोण काढणार, तुझा मेहुणा?"

त्यांनी वही काढली. खिडक्या मोजल्या, पश्चिमेची भिंत मोजली, मग आम्हाला मोजलं. "माणूस म्हणजेसुद्धा उष्णता, हबीबी. ती धरावी लागते. तुम्ही तिघं. दीड टन पुष्कळ."

"पण काका, मोठा असलेला बरा ना?"

"टन वाढवून माणूस मोठा होत नाही."

हे त्यांनी माझ्या बायकोसमोर म्हणायला नको होतं. मी हट्टाने महिनाभर टाळाटाळ केली. काका दर शुक्रवारी नवा पापड घेऊन हजर. तासाचे दोन तास व्हायचे, चहा व्हायचा, मुलीची गणितं व्हायची. शेवटी मी शरण गेलो आणि दीड टनी एसी आला. त्या दिवशी पापड कडकन मोडला. काकांनी पहिल्यांदाच त्यातला अर्धा मुलीला दिला, अर्धा स्वतः खाल्ला, डबा बंद केला आणि गेले.

पुढच्या शुक्रवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही.

बायकोने आमटीचा डबा देऊन मला खाली पाठवलं. इतक्या वर्षांत मी त्यांच्या घरात पहिल्यांदाच शिरलो आणि शिरताच कुडकुडलो. भिंतीवर जुना, अडीच टनी एसी.

"काका! तुमच्याच घरी?" मला केवढा आनंद झाला! मेहुण्याचा व्हिला गळत असता तरी एवढा झाला नसता.

"चार माणसांचा हिशोब होता तो," काका म्हणाले. "ही, दोन मुलं आणि मी." काकूंना जाऊन दोन वर्षं झाली. मुलं कॅनडात. "लहान बसवायचा तर वहीत 'एक' लिहावं लागेल. ते होत नाही रे."

"मग वर का येत नाही?"

"तुझा पापड मोडला ना. आता काय काम?"

मला स्वतःची लाज वाटली. एवढे शुक्रवार मी पापडाकडे बघत बसलो होतो, समोरच्या माणसाकडे नाही.

शुक्रवारी मी पापड भाजला, ओल्या हाताने नीट चोळला आणि काकांना फोन केला. "काका, घोटाळा झालाय. पापड वाकतोय."

दोन मिनिटांत ते दारात. त्यांनी पापड उचलला. पापडाखालून पाण्याचा थेंब बशीत पडला. मला धड खोटा पापडही करता येत नाही. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग चहाचे चार कप घेऊन येणाऱ्या माझ्या बायकोकडे. मग हळूच वही काढली.

"माझीच चूक," ते म्हणाले. "तीनच माणसं धरली होती." त्यांनी तीन खोडून चार केले आणि खुर्ची ओढली. "यल्ला, चला, तासभर बसावं लागेल."